एकविसाव्या दिवशी येणारे मेजर

मेजर कधी वळण तिरकं घेत नसत. सरळ चालत यायचे, कोपरा आला की थांबायचे, काटकोनात वळायचे आणि पुन्हा सरळ. शेताच्या बांधावरनं चालतानाही तसंच. चिखल असो, शेण पडलेलं असो, पांढरे कॅनव्हासचे बूट त्यातनं सरळ जायचे. आमच्या गल्लीतली पोरं त्यांच्या मागं ओळ धरून तशीच चालायची. मेजरना ते कळायचं, पण ते मागं वळून बघायचे नाहीत. पुढच्या कोपऱ्यावर मुद्दाम जरा जास्त थांबायचे, म्हणजे मागची पोरं एकमेकांवर आदळायची. मग खांदे थोडे हलायचे त्यांचे. तेवढंच हसणं.

आता ते खरे मेजर नव्हते, हे आधीच सांगते. आमच्याकडं फौजेतनं परत आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो. ते फौजेच्या दवाखान्यात होते, जखमा बांधणं, सुया देणं हेच काम. पेन्शनीत आल्यावर शिराळ्यात एका डॉक्टरीणबाईंकडं तेच काम करायला लागले. आमचं गाव तिथनं फार लांब नाही, मधे एक नदी आणि तिच्यावर बुटका फरशी पूल. मी मूळची साताऱ्याची. लग्न होऊन या बाजूला आले तेव्हा पुलाकडं बघून म्हणाले होते, हा काय पूल झाला, ही तर उंबऱ्याची पायरी. चाळीस वर्षं झाली, अजून तोच आहे.

आणि आमचं त्यांच्याशी नातं जुळलं ते नातीमुळं.

माझा मुलगा गलाईच्या धंद्यात आहे. विट्याच्या मेव्हण्याबरोबर लांब दक्षिणेत गेला, तिथं सोनं गाळायचं दुकान टाकलं. सून आणि धाकटा नातू त्याच्याजवळ. एकच खोली, त्यात कामाची पोरंही झोपायची, खाली भट्टी. थोरली नात, ईशू, तिथं सारखी घसा धरून बसायची, म्हणून सात वर्षांची असताना तिला माझ्याकडं आणून ठेवली. मलाही सोबत झाली. पण नऊ वर्षांची झाली आणि एकदा तिचा गुडघा सुजला. दोन दिवसांनी गुडघा उतरला आणि घोटा सुजला. घोटा उतरला, मनगट. शेजारणी म्हणाल्या, अंग वाढतंय पोरीचं. मीही तेलच चोळत बसले. शेवटी डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावली आणि लगेच चिठ्ठी लिहून दिली. सांगलीला जाऊन छातीचा फोटो, ते इको का काय, सगळं झालं. हृदयाची एक झडप जरा दुखावली होती. मोठं काही नाही म्हणाले, पण पुन्हा हा ताप आला तर मोठं व्हायला वेळ लागणार नाही. म्हणून दर एकवीस दिवसांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन. किती दिवस? तर पोरगी मोठी होईपर्यंत. वर्षानुवर्षं.

मला काही उमगेना. गुडघा सुजला आणि हृदय कसं दुखावतं? ते मला मेजरनी सांगितलं, दवाखान्याच्या बाकड्यावर.

"वैनी, दुश्मन शिरतो घशातनं. साधा घसा धरतो, आपुन मीठ-पानी करतो, ध्यान देत न्हाई. मग त्यो गुडघ्यात दंगा करतो. आपली समदी नजर गुडघ्यावर. तवर त्यो मागनं काळजात जातो आनि दाराची बिजागरी खिळखिळी करतो. मग दार नीट मिटत न्हाई. रगात पुढं ढकलायचं, तर थोडं मागं येतंय."

"आणि ही सुई?"

"ही सुई म्हंजी पहारेकरी. एक जवान एकवीस दिवस घशाच्या नाक्यावर हुभा. एकविसाव्या दिवशी त्येची ड्यूटी संपली. तवा दुसरा जाग्यावर पायजे. आदल्या दिवशी आला तरी चालंल. दुसऱ्या दिवशी न्हाई."

त्यांच्याकडं सगळी औषधं अशी फौजेतली होती. ज्यांच्या नावाच्या शेवटी 'सिलीन' येतं, ती सगळी एका पलटणीतली, असं ते म्हणायचे. कानातनं पू आला, छाती भरली, तर अमॉक्सिसिलीन. ते त्यांचं रोजचं गस्तीचं पथक. गळू आलं, ऊस तोडताना पात्यानं कापलं आणि चिघळलं, तर क्लॉक्सासिलीन. तो गडी आडदांड, म्हणायचे, पन कामाचा. आणि आमच्या ईशूचं इंजेक्शन म्हणजे त्यातला म्हातारा सुभेदार. हळू चालणारा, कुठं बसवला तिथनं न हलणारा. आणि साधी सर्दी घेऊन कोण आलं आणि म्हणालं, मेजर, बाईंना सांगून जरा स्ट्राँग गोळी द्या, की ते चवताळायचे.

"नाक गळतंय म्हनून पलटन बोलवायची? घरी जा, घोंगडं घे, झोप!"

आमच्या गावच्या एका गड्याची गोष्ट सांगते. त्याच्या पायाला कोयता लागला होता. बाईंनी गोळ्या दिल्या पाच दिवसांच्या. यानं दोन दिवस घेतल्या, बरं वाटलं, बंद केल्या. वर राहिलेल्या कॅप्सूल फोडून त्यातली पूड जखमेवर भुरभुरली. आमच्याकडं सगळेच करतात हो हे, मीही केलंय. मेजर पट्टी बदलायला आले, जखमेवर पांढरी पूड दिसली. अंगणात जाऊन सावधानमध्ये उभे राहिले. त्या गड्याची बायको चहा घेऊन आली, घेतला नाही. म्हातारा बाप म्हणाला, आवं बसा की, बसलेही नाहीत. अर्धा गाव गोळा झाला. शेवटी तो गडी लंगडत बाहेर आला.

"मेजर, काय पायजे काय तुमास्नी?"

"जे दुश्मन अर्धे मेले आनि अर्धे वाचले, त्ये आता आपली चाल शिकून माघारी गेल्यात. त्येंनी परत यायच्या आत उरलेल्या गोळ्या घे. माझ्याम्होरं."

"न्हाईत उरल्या."

मेजरनी खिशातनं गोळ्यांची नवी पट्टी काढली. बाईंना सांगून आणलीच होती. त्यानं एक गोळी गिळली, तोंड उघडून दाखवलं, तेव्हा मेजरनी चहा मागितला. पुढचे पाच दिवस सकाळ-संध्याकाळ अंगणात येऊन उभे. गडी म्हणायचा, कोयता परवडला, ह्यो माणूस नको.

पण माझ्या मनात ते येतात ते असे नाहीत. माझ्या मनात येतात ते बाकड्यावर डोळे मिटून बसलेले.

ते औषध म्हणजे पांढरी पूड, तिच्यात पाणी घातलं की सायीसारखं दाट होतं. थंड असलं तर सुईतनं सरकत नाही, आणि पोराला मरणाचं दुखतं. म्हणून मेजर ती इवलीशी बाटली दोन तळहातांत धरायचे, हळूहळू फिरवायचे, मग मुठीत मिटून छातीशी धरायचे. डोळे मिटायचे. आणि ईशूला गोष्ट सांगायला लागायचे. लढाईची एकही नाही हं. एवढी वर्षं बर्फात काढली, पण बंदुकीचा शब्द नाही. एक तळं होतं म्हणायचे, रात्रीतनं त्याचा आरसा व्हायचा, आणि सकाळी त्यावरनं मेंढरं चालायची, तर खाली उलटी मेंढरं चालताना दिसायची. एका मेंढराला आपल्याच सावलीचा लळा लागला होता, ते तळ्यावरनं निघायला तयारच होईना. कधी म्हणायचे, ढग इतका खाली यायचा की आमी चहाचा कप धरून बाहेर काढला तर कपात ढग यायचा. कधी एका पक्ष्याची गोष्ट, जो फक्त धुकं असेल तेव्हाच ओरडायचा आणि म्हणून कुणी त्याला पाहिलेलाच नाही.

शिराळ्यात श्रावणात धुकं उतरतं. दवाखान्याच्या खिडकीतनं ते आत यायचं, आयोडिनच्या वासात मिसळायचं, आणि मेजरांचा आवाज असा लांबून आल्यासारखा. माझीही पापणी जड व्हायची. मी साताऱ्याची पोर होऊन किल्ल्यावर उतरणारा ढग बघत बसायची. ईशू तर तोंड उघडं टाकून ऐकत असायची. आणि नेमकं मेंढरू तळ्याच्या मधे आलं, की मेजर डोळे उघडायचे.

"झालं गरम. पालथी हो बाळ."

एकही गोष्ट पुरी झाली नाही कधी. औषध गरम झालं की गोष्ट संपली. ईशू रडायची ती सुईला नाही, पुढं काय झालं म्हणून रडायची. मेजर म्हणायचे, "फुडलं एकविसाव्या दिशी." आणि एकविसाव्या दिवशी निराळीच गोष्ट.

सुई झाली की अर्धा तास बाहेर बाकड्यावर बसायचं, उठायचं नाही. मग घाई असो, एसटी चुकत असो. हे औषध कुणाला सोसत नाही, अंगावर उठतं, दम लागतो, क्वचित पण घात होतो. म्हणून बाकीचे दवाखाने हे इंजेक्शन द्यायलाच तयार नसतात. मेजर पहिल्यांदा देताना आधी हातावर थेंबभर टोचून बघायचे. आणि शर्टाच्या वरच्या खिशात, पेनाच्या जागी, एक वेगळी कुपी आणि सुई कायम तयार असायची. मी एकदा विचारलं, हे काय हो?

"सुई सोसली न्हाई, तर ही माघारी आनायची वाट," म्हणाले. मग बराच वेळ नखं बघत बसले. "एकदा माझ्या खिशात नव्हती. वीस वर्षाचं पोरगं व्हतं. न्युमोनिया बरा व्हायचा म्हनून सुई दिली मी."

एवढंच. परत मीही काढलं नाही.

अशी दोन वर्षं गेली. तिसऱ्या वर्षी एकविसावा दिवस नागपंचमीला आला.

आता शिराळ्याची नागपंचमी काय असते ते मी सांगायला नको. गावात पाय ठेवायला जागा नसते, दवाखाना बंद. आणि आमच्या घरी त्या दिवशी सगळं पाळतात. चिरायचं नाही, कापायचं नाही, खणायचं नाही, तवा ठेवायचा नाही, सुईत दोरासुद्धा ओवायचा नाही. सगळं उकडून करायचं. मी पुरणाची दिंडं उकडायला ठेवली होती. ईशू मेंदीचे हात घेऊन झोक्यावर. दहाच्या सुमाराला बघते तर कोपऱ्यावर काटकोनात वळून मेजर येतायत. गर्दीतनं, पुलावरनं, चालत. हातात पिशवी. सदऱ्याच्या खिशात ती कुपी.

"वैनी, दवाखाना बंद, म्हनून मीच आलो. बाईंना इचारलंय."

मी दारातच उभी राहिले.

"मेजर, आज न्हाई. आज सुई टोचायची न्हाई आमच्यात."

"सन तुमचा. तारीख माझी."

"आवं, एका दिवसानं काय आभाळ कोसळतंय? उद्या सकाळी मी स्वतः घेऊन येते."

"जवानाची ड्यूटी आज संपतीया."

"मग त्याला म्हणावं, एक दिवस जास्त थांब. सणाला गालबोट नको मला." मी हसत म्हणाले हो. पण हटले नाही. माझ्या मनात काय होतं ते खरं सांगते. माझा एक भाऊ लहानपणी साप चावून गेला. तेव्हापासून हा दिवस मी कधी मोडला नव्हता, आणि मला वाटायचं की माझ्यामागची सगळी माणसं त्यामुळंच सुखरूप आहेत. आणि झोक्यावर ईशू ओरडत होती, आजी, आज नको ना, आज नको ना. मला वाटलं, पोरीला एक दिवस सुट्टी मिळते, देवाचंही राहतं.

मेजरनी वाद घातला नाही. त्यांना खुर्ची दिली, ते पायरीवर बसले. तासभर बसले. झोका वर गेला, खाली आला, ते बघत राहिले. मी दिंडं दिली, तूप वाढलं, त्यांनी खाल्ली, ताट धुऊन ठेवलं. मग उठले, पुन्हा एकदा माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. ते गेले.

पाऊस तसा चालूच होता, पण त्या संध्याकाळपासनं त्याचा आवाज बदलला. सकाळी पूल नव्हता. पाण्यावर नुसती फेसाची रेघ. लाईट गेली, मोबाईलला रेंज नाही. आणि पूल काही उघडेना. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. गावात आशाताई होत्या, पण त्यांच्याकडं हे औषध कुठलं असणार?

मी रोज सकाळी नदीवर जायची. पलीकडच्या तीरावर, धुक्यात, छत्री घेऊन कोणीतरी उभं असायचं. ताठ. पाण्याच्या आवाजानं हाक पोचायची नाही. मी हात वर करायची, मग तिकडचा हात वर व्हायचा. कधी धुकं असं दाट व्हायचं की मला वाटायचं तिथं कोणी नाहीच, झाडाचा बुंधा आहे. आणि मग बुंध्याचा हात वर व्हायचा. त्या दिवसांचं मला आता स्वप्नच वाटतं. पाणी, पांढरा उजेड, आणि हात.

बाराव्या दिवशी ईशूचा घसा धरला. मी हळद-दूध दिलं. सोळाव्या दिवशी पूल उघडा पडला, आणि गाळातनं पहिलं माणूस अलीकडं आलं ते मेजर. सुई दिली. गोष्ट सांगितली नाही. बाटली गरम करताना नुसते डोळे मिटून बसले.

तीन आठवड्यांच्या आतच ईशूचा गुडघा सुजला. मग दम लागायला लागला. दोन उशा लावल्याशिवाय तिला झोपता येईना. गाडी करून मिरजेला नेलं.

मुलगा तिसऱ्या दिवशी पोचला. डॉक्टरांनी त्याला कार्ड दाखवलं, दर एकवीस दिवसांची तारीख, आणि मधेच एक मोठी फट. झडप आधीपेक्षा जास्त गळते म्हणाले. मुलगा कार्ड हातात घेऊन बाहेर आला. मी डबा धरून उभी, आणि मेजर पिशवी घेऊन नुकतेच जिना चढून आलेले.

"हे दिवस का गेले?" मुलानं विचारलं. माझ्याकडं बघूनच विचारलं.

मी डब्याचं झाकण दाबत राहिले. आणि मेजर म्हणाले, "माझ्याकडनं ऱ्हायलं. सणाच्या गडबडीत तारीख ध्यानातनं गेली. मग पूल गेला."

"तुमच्याकडनं?"

"व्हय. माझ्याकडनं."

मुलगा काय काय बोलला ते मी लिहीत नाही. मिलिटरी काढली, वय काढलं, त्या दवाखान्याची पायरी पुन्हा चढणार नाही म्हणाला. सगळा वॉर्ड बघत होता. मेजर हात मांडीला लावून, ताठ उभे राहून ऐकत होते. एकदाच त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि मान इतकीशी हलवली. बोलू नका.

मी त्यांच्या मागं स्टँडपर्यंत पळत गेले.

"असं का केलंसा मेजर?"

"वैनी, त्यो परत भट्टीवर जानार. पोरीजवळ कोन? तुमी. त्येचा तुमच्यावरचा इस्वास गेला, तर पोरगी उचलून घिऊन जाईल. त्या एका खोलीत, त्या धुरात. थितं घसा रोज धरंल आनि एकविसावा दिस कोन बघंल? माझं काय, मला शिव्या खायची सवय हाय. सुभेदारानं दिलेल्या शिव्यांम्होरं ह्या काय!"

"पण चूक माझी..."

"चुकीचं नंतर बघू. आदी पोरगी."

एसटी आली, ते चढले. मी तशीच उभी.

ईशूला मिरजेत एक सुई मिळाली, महिनाभरानं घरी आणलं तेव्हा पुढची तारीख चारच दिवसांवर होती. मुलगा मोटरसायकल घेऊन निघाला. कार्ड आणि औषधाची बाटली खिशात घालून आष्ट्यापर्यंत फिरला. एक डॉक्टर म्हणाले, आम्ही हे देत नाही, रिॲक्शन आली तर कोण बघणार. दुसरे म्हणाले, गोळ्या देतो, सुई नको. तिसरीकडं कंपाउंडर हसला म्हणे, हे कोण देतं आता? तिन्ही दिवस संध्याकाळी तो चिखलानं माखून यायचा, बाटली फ्रीजमध्ये ठेवायचा आणि भिंतीला टेकून बसायचा. शेवटच्या संध्याकाळी म्हणाला, "मी तिला घेऊन जातो तिकडं. शहर आहे, कोणीतरी देईलच."

ईशू आत पडली होती, तिचा श्वास ऐकू येत होता. मी भाकरी थापत होते. हात थांबवला नाही, थांबवला असता तर बोलले नसते.

"मेजर आले होते," मी म्हणाले. "नागपंचमीला. तारखेला. औषध घेऊन. मी दारातनं परत पाठवलं."

मुलानं भिंतीवरची पाठ काढली.

"तासभर बसले होते पायरीवर," मी म्हणाले. "दिंडं खाऊन गेले. मिरजेच्या दवाखान्यात त्यांनी माझ्यासाठी खोटं सांगितलं. आता तुला काय करायचं ते कर. पोरगी न्यायची तर ने. पण उद्या तिला सुई मिळायला पाहिजे, आणि ती देणारा माणूस एकच आहे."

तव्यावरची भाकरी करपली. मुलगा उठला, चप्पल घातली, बाहेर गेला. मला वाटलं, माझ्यावर चिडून गेला. मोटरसायकल सुरू झाली. पुलाच्या बाजूला गेली.

सकाळी परत आला तेव्हा मागं मेजर बसले होते. मांडीवर पिशवी. ताठ. मोटरसायकलवर बसूनही ताठ कसं बसतात देव जाणे. मुलगा माझ्याकडं बघत नव्हता. मेजरनी खिशातली कुपी तपासली, हात धुतले, बाटली तळहातांत घेतली. या वेळी गोष्ट सांगितली, धुक्यातल्या पक्ष्याची, आणि पक्षी झाडावर बसला तशी ती थांबवली. ईशूचा हात धरायला मुलगा बसला. आतापर्यंत एकदाही त्यानं ही सुई बघितली नव्हती. सुई आत गेली आणि हा सहा फूट गडी पांढरा पडला, भिंत धरून खाली बसला.

"बापाला पानी द्या," मेजर म्हणाले. "पोरगी बरी हाय."

ईशू खुदकन हसली. हसताना तिला धाप लागली.

मग अर्धा तास. आम्ही चौघं सोप्यात बसून होतो. वेळ झाल्यावर मेजरनी पिशवीतनं छातीची नळी काढली, ईशूच्या बरगडीवर ठेवली, ऐकलं. मग नळ्या मुलाच्या कानात घातल्या. तो खाली वाकून ऐकत राहिला.

"पुढची तारीख कधी?" त्यानं विचारलं.

"आजपास्नं एकविसावा दिस."

"मी नसेन. आई बघेल." एवढं म्हणाला आणि पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. माफ केलं असं काही नव्हतं त्या बघण्यात. काम सोपवलं होतं.

ईशू म्हणाली, मला पण. मेजरनी तिलाही नळी दिली. ती आपलंच हृदय ऐकत डोळे मोठे करून बसली. "आजी," म्हणाली, "आत कुणीतरी पाटाला पाणी सोडलंय."

मग मेजर माझ्यापाशी आले. मी नको म्हणाले. त्यांनी ऐकलं नाही. नळ्या माझ्या कानांत बसवल्या आणि तो गार चकतीसारखा तुकडा पोरीच्या छातीवर नेमक्या जागी धरला. आधी मला काही कळेना, नुसती धडधड. मग हळूहळू वेगळं झालं. एक ठोका, आणि त्याच्या मागनं, जिथं शांत असायला पाहिजे तिथं, सुरकन काहीतरी मागं जात होतं. पुन्हा ठोका, पुन्हा तेच.

"ह्यो आवाज आता जायाचा न्हाई," मेजर हळू म्हणाले. "पन वाढूबी द्यायचा न्हाई."

मी ऐकत राहिले. बाहेर कोणीतरी गुरं सोडली, घंटा वाजत गेल्या, त्या मला लांबच्या वाटल्या. मेजरनी नळ्या काढायला हात पुढं केला.

"वैनी, पुरं झालं."

मी त्यांचा हात धरला. "थांबा," म्हणाले, "मला पाठ होऊ दे. वाढला तर आधी मला कळला पाहिजे."